लॅबमधला प्रश्न नक्की काय मागतोय?

सिस्को नेटवर्किंगच्या परीक्षेत स्विचिंगची लॅब असते, म्हणजे नेटवर्कमधली उपकरणं जोडणाऱ्या स्विचवर प्रत्यक्ष कमांड द्यायच्या. तिथे कमांड पाठ असूनही गाडी अडते ती प्रश्नाच्या भाषेवर. ‘एसडब्ल्यू१ हा व्हीलॅन १० चा रूट ब्रिज असावा’, म्हणजे हा स्विच त्या आभासी नेटवर्कचा (व्हीलॅनचा) मुख्य स्विच असावा, एवढंच लिहिलं असेल तर ‘रूट प्रायमरी’ ही कमांड चालते. पण त्यात ‘कायम’ आलं, की मी थांबतो. रूट तोच होतो ज्याचा प्रायॉरिटीचा आकडा सगळ्यात लहान. ‘रूट प्रायमरी’ त्या क्षणाची परिस्थिती बघून हा आकडा ठरवते, साधारणपणे २४५७६, आणि कॉन्फिगरेशनमध्ये फक्त तो आकडाच उरतो. उद्या कोणी ४०९६ चा स्विच जोडला तर आपलं रूटपद गेलंच. म्हणून ‘कायम’ म्हटलं की मी सरळ प्रायॉरिटी ० देतो. तरी बरोबरी झाली तर निकाल मॅक ॲड्रेसवर (स्विचच्या हार्डवेअर पत्त्यावर) लागतो, म्हणून प्रश्नात मनाई नसेल तर रूट गार्डचाही, म्हणजे त्या पोर्टपलीकडच्या स्विचला रूट होऊ न देणाऱ्या सोयीचाही विचार करतो.

दुसरा गोंधळ ट्रंकचा, म्हणजे अनेक व्हीलॅनची वाहतूक नेणाऱ्या दुव्याचा. ‘ट्रंक स्टॅटिक ठेवा’ आणि ‘वाटाघाटी बंद करा’ हे एकच वाटतं, पण तसं नाही. ‘मोड ट्रंक’ दिल्यावरही पोर्ट डीटीपी फ्रेम, म्हणजे ट्रंकबद्दल समोरच्या पोर्टशी वाटाघाटी करणारे संदेश, पाठवतच राहतो. ‘शो इंटरफेसेस स्विचपोर्ट’मध्ये ‘निगोशिएशन ऑफ ट्रंकिंग’समोर ‘ऑन’ दिसेल. ते ‘ऑफ’ हवं असेल तर ‘नोनिगोशिएट’ द्यावंच लागतं.

‘ट्रंकवर व्हीलॅन ३० लाही परवानगी द्या’ यातल्या ‘ही’कडे मात्र डोळे उघडे ठेवून बघा. परवानगीच्या कमांडमध्ये ‘ॲड’ हा शब्द लिहिला नाही, तर परवानगी असलेल्या व्हीलॅनची आधीची सगळी यादी पुसली जाते.

आणि प्रश्न दोन्ही बाजूंनी वाचता येत असेल, तर परीक्षकाला विचारा. तो उत्तर सांगणार नाही, पण अर्थ विचारायला कोण अडवतंय?