अनोळखी पुरुष, वय अंदाजे ३०

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की रात्रपाळीला आल्या आल्या आम्ही रक्तपेढीतल्या फ्रिजमधला ओ पॉझिटिव्हचा कप्पा बघतो. दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, आणि अंधारात मागून धडकलेली मोटारसायकल. सोलापूर-धुळे महामार्गाला येऊन मिळणाऱ्या रस्त्यांवर हे दर हंगामातलं आहे. त्या रात्री एकाच गाडीवरचे दोघं आले. दोघं बेशुद्ध, खिशात कागद नाही, मोबाईल फुटलेला.

रक्तपेढीच्या खिडकीतून पेशंट दिसत नाही. आमच्यापर्यंत येतो तो मागणीचा फॉर्म आणि दोन नळ्या, एक जांभळ्या टोपणाची, एक लाल. फॉर्मवर होतं: अनोळखी पुरुष, वय अंदाजे ३०, एचबी (हिमोग्लोबिन) १२.४, एक पिशवी. नाडी १३०, वरचं बीपी ८० आणि कंबरेचं हाड मोडलंय, हे फोन करून विचारलं तेव्हा कळलं. आमच्या फॉर्मवर एचबीला ठळक चौकट आहे, नाडीला रकानाच नाही. नुकतंच रक्त जायला लागलेल्या माणसाचं एचबी चांगलंच येणार, कारण पेशी आणि पाणी दोन्ही बरोबरच बाहेर पडतात. सलाईन चढलं की मग आकडा कोसळतो. नाडी वरच्या बीपीच्या पुढे गेली असेल तर एका पिशवीनं भागत नाही. मोडलेल्या कंबरेत दोन लिटर रक्त मुरलं तरी बाहेर थेंब दिसत नाही.

गट निघाला बी पॉझिटिव्ह. पिशव्या काढायला घेतल्या तोवर वॉर्डबॉय मामा दुसरा फॉर्म घेऊन आले. त्यावरही अनोळखी पुरुष, वय अंदाजे ३०. पिशव्या चार. या नळीतला गट ओ पॉझिटिव्ह.

आता ही दुसऱ्या माणसाची नळी, की पहिल्याचीच पुन्हा काढलेली? पहिल्याची असेल तर दोन्हींतली एक नक्की चुकीची. मामांना विचारलं तर ते म्हणाले, "सिस्टरनं हातात दिलं, मी आणलं." त्यांचं तरी काय चुकलं? ओ गटाच्या माणसाला बीच्या पेशी गेल्या तर त्याच्या अंगातलं अँटी-बी, म्हणजे बी पेशींविरुद्धचं प्रतिपिंड, त्या काही मिनिटांत फोडायला लागतं. शुद्धीतला पेशंट निदान कंबर दुखते, थंडी वाजते म्हणून ओरडतो. बेशुद्ध माणसाचं बीपी पडतं, लघवी लाल होते, आणि सगळे ते अपघाताच्या खात्यावर टाकतात.

फोन खणखणला. "मघाशी बी म्हणालात ना? मग द्या की!"

"सर, कोणाचा बी?"

घाई रास्तच होती, म्हणून थांबून चालणार नव्हतं. डॉक्टरांच्या सहीवर क्रॉसमॅचविना, म्हणजे पेशंटचं आणि पिशवीतलं रक्त जुळवून न बघता, दोन्ही गटांना चालणाऱ्या ओ पॉझिटिव्हच्या दोन पिशव्या पाच मिनिटांत खिडकीबाहेर गेल्या. पूर्ण क्रॉसमॅचला पाऊण तास लागतो. अशा वेळी पिशवीच्या नळीचा तुकडा काढून ठेवायचा आणि तपासणी मागून पुरी करायची. ओ निगेटिव्ह का नाही, हा नेहमीचा प्रश्न. आपल्याकडे आरएच निगेटिव्ह माणसं शंभरात पाचेक, त्यातली ओ गटाची आणखी कमी. त्या पिशव्या मुली आणि मूल होण्याच्या वयातल्या बायांसाठी राखायच्या असतात.

प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशींशिवायचा पातळ भाग, कोणी मागितला नव्हता. तो मागितल्यावर वितळवायला घेतला की उशीर ठरलेलाच. ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये वीस ते तीस मिनिटं जातात, शिवाय पिशवी आधी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायची, नाहीतर तोंडाशी पाणी शिरतं. गोठलेली पिशवी हातातून निसटली तर काचेसारखी तडकते. एबी गटाचे दोन प्लाझ्मा मी लगेच टाकले, कारण त्यात अँटी-ए नाही, अँटी-बी नाही. वितळलेला प्लाझ्मा पुन्हा गोठवता येत नाही. चोवीस तासांत वापरला नाही तर फेकायचा, आणि तपासणीला आलेले साहेब नेमकं तेवढंच विचारतात.

पिशवीबरोबर सांगायच्या गोष्टीही ठरलेल्या. रक्ताच्या लाइनला रिंगर लॅक्टेटचं सलाईन जोडू नका, त्यातलं कॅल्शियम पिशवीत रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटला निष्प्रभ करतं आणि सेटमध्येच गुठळी धरते. सायट्रेट पेशंटचंही कॅल्शियम ओढून घेतं, म्हणून तीन-चार पिशव्यांमागे १० मिली कॅल्शियम ग्लुकोनेट द्या, तेही वेगळ्या लाइनमधून. आणि पिशवी गरम पाण्याच्या बादलीत बुडवू नका. बुडवणारे अजून आहेत.

तिसरी नळी मी सांगून मागवली. दोघांच्या मनगटाला पट्टी, त्यावर अनोळखी १, अनोळखी २ आणि एमएलसी (पोलिस केसचा) नंबर. नळीवरचं नाव खाटेपाशीच लिहायचं. तोवर पहिल्याला ओच्या दोन पिशव्या गेल्या होत्या. अँटी-बी घालून नळी फिरवली आणि हळूच हलवली, तर पिठल्यात गुठळ्या राहाव्यात तसं झालं: काही पेशी घट्ट चिकटलेल्या, बाकीच्या मोकळ्या. चिकटलेल्या त्याच्या स्वतःच्या, मोकळ्या आम्ही दिलेल्या. नवखा माणूस इथं गोंधळतो. उलट बाजूनं, म्हणजे पेशींऐवजी रक्तातलं पाणी (सिरम) तपासून बघितलं तेव्हा उलगडलं. त्याच्या सिरमनं ए पेशी जमवल्या, बी पेशींना हात लावला नाही. माणूस बी गटाचाच. दुसरा ओ, त्याचा पाय मोडला होता आणि त्याला एकही पिशवी लागली नाही.

दरम्यान बाहेर गावातली पोरं जमली होती. "साहेब, आमचं काढा अन् तेच चढवा की, ताजं रक्त हाये." एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया एवढं तपासल्याशिवाय पिशवी बाहेर जात नाही, म्हणजे आज दिलेलं रक्त या पेशंटच्या कामाचं नाही. हे पटवायला अर्धा तास गेला. चौघांनी तरीही दिलं.

पहिल्याला नंतर बीच्या सहा पिशव्या आणि तेवढाच प्लाझ्मा देऊन पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात हलवला. जाताना डॉक्टर म्हणाले, "बघा, बीच निघाला. उगाच ताणलंत." ताणलं म्हणजे काय, ते मला अजून कळलेलं नाही, पहिली पिशवी तर पाच मिनिटांत गेली होती. खर्च झाला तो ओचा. बी गटाच्या माणसाला बी चालतं आणि ओही चालतं, ओवाल्याला फक्त ओ. पहाटे बीचा कप्पा भरलेला होता आणि ओच्या दोनच पिशव्या उरल्या होत्या. सकाळी कारखान्याकडे पुन्हा ट्रॅक्टर निघायच्या आत शेजारच्या जिल्ह्यातून ओ मागवायला फोन लावत बसलो.