मेंढीच्या पाठीवरून दिसणारे बेट

गूगलच्या नकाशांत रस्त्यांची चौफेर चित्रे दाखवणारा 'स्ट्रीट व्ह्यू' २००७ साली अमेरिकेतल्या पाच शहरांपासून सुरू झाला, आणि छतावर कॅमेरा बसवलेली मोटार जिथे पोहोचत नव्हती ती गावे त्यात बरीच वर्षे कोरीच राहिली. उत्तर अटलांटिकमधली फॅरो बेटे त्यांपैकीच होती. बेटे अठरा, वस्ती साधारण ५० हजार आणि मेंढ्या त्याहूनही जास्त. २०१६ साली तिथल्या पर्यटन संस्थेच्या दुरिता दाल आंद्रेआसन यांनी थेट मेंढ्यांच्याच पाठीवर सौरऊर्जेवर चालणारे ३६० अंशांचे कॅमेरे बांधले. मला ती चित्रे फार आवडतात. तळाशी लोकरीचा पट्टा, गुडघ्याएवढ्या उंचीवरून दिसणारे गवत, आणि रस्ता कुठे जातो याची मेंढीला जराही फिकीर नाही. पुढे गूगलने उपकरणे दिली आणि मेंढ्यांबरोबरच सायकली, होड्या, इतकेच काय एकचाकी हातगाडीवरूनही चित्रण झाले.

पाठीवर वाहायचा कॅमेऱ्यांचा संच, म्हणजे 'ट्रेकर', हे मात्र कष्टाचे काम आहे, कारण पॅसिफिकमधल्या गालापागोस बेटांसाठी २०१३ साली वापरलेल्या अशा संचात १५ भिंगे होती आणि त्याचे वजन सुमारे १९ किलो होते. अनेक भिंगांची चित्रे नंतर एकमेकांना जोडावी लागतात, आणि जोडणीसाठी दोन्ही चित्रांत तीच स्थिर खूण दिसावी लागते. घराच्या कोपऱ्यावर, कुंपणावर ती सापडते, समुद्रावर नाही. म्हणून धक्क्यावरून घेतलेल्या चित्रात लाट मध्येच कापल्यासारखी दिसते आणि होडीवरून घेतलेल्यात क्षितिज कलते. मी अशा शिवणी मुद्दाम शोधत बसतो, हे कबूल करायला हवे.

माझी खरी हरकत वेगळ्या ठिकाणी आहे. चेहरे आपोआप धूसर केले जातात, ही सोय मोठ्या शहरात पुरते, कारण तिथे अनोळखी माणूस अनोळखीच राहतो. पण जिथे जेमतेम पन्नास माणसे राहतात, तिथे चालण्याची ढब, जाकिटाचा रंग किंवा दारात उलटी टाकलेली होडी यांवरून शेजारी लगेच सांगतो की हा माणूस कोण. बाहेरच्या पाहुण्यापासून ओळख लपते, गावापासून नाही. शिवाय शहरात गाडी पुन्हा पुन्हा फिरते. बेटावर एकदा येऊन गेलेला कॅमेरा कित्येक वर्षे परतत नाही, आणि त्या दिवशी वाळत घातलेले कपडे तोवर दोरीवरच राहतात.