सुएझ कालवा: पोर्ट सईदला जा, सुएझ शहर गाळा

‘इस्माइलियाहून सुएझला गाडीनं जा, सगळा रस्ता कालव्याच्या कडेनं आहे, जहाजं दिसत राहतात.’ कैरोत ज्यानं त्यानं हेच सांगितलं. कुणावरही विश्वास ठेवू नका.

तो नव्वदेक किलोमीटरचा रस्ता कालव्याला समांतर आहे, पण नकाशात. गाडीतून डाव्या हाताला दिसतात ते वाळूचे ढिगारे, भिंती, तारेची कुंपणं आणि लष्कराच्या चौक्या. कधीतरी भिंतीवरून कंटेनरची थप्पी सरकताना दिसते. तेवढ्यात गाडी पुढे जाते, आणि फोटो तर काढायचाच नाही. चौकीच्या आसपास मोबाइल खिशातून बाहेर आला तरी सैनिक हटकतो. पासपोर्टची झेरॉक्स चालत नाही, मूळ पासपोर्ट जवळ हवा. आम्हाला इतक्या ठिकाणी थांबवलं की शेवटी पासपोर्ट हातातच धरून बसलो.

या वाटेवर थांबण्यासारखं एकच गाव, फायेद. ग्रेट बिटर लेकच्या काठावर आहे. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर कालवा १९७५ पर्यंत बंद होता, तेव्हा अडकलेली जहाजं याच तळ्यात आठ वर्षं नांगरून पडली होती. पाणी बघायचं तर एखाद्या रिसॉर्टमध्ये पैसे भरून शिरावं लागतं. भरा, निदान जहाज अख्खं दिसतं.

आम्हाला सुएझला जायचं होतं ते पोर्ट तौफिकच्या स्मारकासाठी. पहिल्या महायुद्धात पडलेल्या हिंदी सैनिकांचं हे स्मारक १९२६ साली कालव्याच्या तोंडाशी उभारलं होतं. टॅक्सीवाला म्हणाला, माहीत आहे, थेट दारात सोडतो. तिथं काहीही नाही! इस्रायलबरोबरच्या लढायांत त्याची पार नासधूस झाली आणि सैनिकांची नावं १९८० साली कैरोतल्या हेलिओपोलिस युद्धस्मशानभूमीत नेली. म्हणजे ज्या कैरोतून निघालो तिथंच ती होती. ज्यांना ती नावं वाचायची आहेत त्यांनी कैरोतच अर्धा दिवस काढावा.

वर भाड्याची कटकट. जाऊन-येऊन १५०० इजिप्शियन पौंड ठरले होते, परतल्यावर २६०० मागितले. कारण काय, तर चौक्यांवर थांबावं लागलं. चौक्या काय आम्ही बसवल्या? बरीच हुज्जत घातल्यावर १८०० वर तुटलं. भाडं कागदावर लिहून घ्या, त्यात ‘परतीसह, थांबण्यासह’ हेही येऊ द्या. त्याआधी अरबी आकडे पाठ करा. त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा वाटोळा आणि शून्य म्हणजे नुसतं टिंब. हे ठाऊक नसलेला मराठी माणूस हमखास फसतो.

इस्माइलिया छान आहे. सावली, तिमसाह तळं, उन्हाळ्यात आंबे. तक्रार नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

आता कालव्याच्या उत्तर टोकाचं पोर्ट सईद. कालवा खरा बघायचा तो इथंच, तोही फुकट! शहराच्या धक्क्यावरून पलीकडच्या पोर्ट फुआदला फेरी जाते. माणसं, सायकली, मोटारी सगळं एकत्र, तिकीट नाही. आफ्रिकेतून आशियात जायला काही मिनिटं लागतात. आम्ही दिवसभर नुसते येरझारा घालत होतो. वरच्या मजल्यावर उभे राहा. कालवा प्राधिकरणाच्या इमारतीचे हिरवे घुमट तिथून फार देखणे दिसतात. मोठ्या जहाजांसाठी मात्र धीर धरावा लागतो, कारण पोर्ट फुआदच्या पूर्वेकडून बायपास आहे आणि बरीच जहाजं शहरासमोरून न जाता परस्पर समुद्राला लागतात. रिकामा जाईल असा एक दिवस हाताशी ठेवा.

काठानं चालत समुद्राच्या टोकाला गेलात तर एक रिकामा चौथरा लागेल. कालवा खोदवून घेणाऱ्या फ्रेंच डी लेसेप्सचा पुतळा तिथं होता. इजिप्तचा अध्यक्ष नासरनं जुलै १९५६ मध्ये कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं आणि त्याच डिसेंबरात लोकांनी पुतळा उडवून दिला. मला तो चौथरा असाच बरा वाटला.

शाकाहारी असाल तर फूल (बाकल्याच्या बियांची उसळ), तामिया (त्याच बियांची भजी) आणि कोशारीवर (भात, मसूर, मॅकरोनी एकत्र) भागतं. इतरांनी मासळी बाजाराजवळच्या खानावळीत जावं, पण वजन आणि भाव आधी विचारून.

परतीच्या बसनंतर लगेच विमान ठेवू नका. सत्तरच्या दशकात हे करमुक्त शहर झालं, त्यामुळे बाहेर पडताना जकात नाक्यावर सामान उघडायला लावू शकतात. इथं कपडे घेतलेत तर पावती बॅगेत वरच असू द्या.