बैठकीतला नकार

नागपूर, मंगळवार, रात्र

आज दुपारी २.३० वाजता जर्मनी आणि जपानमधील सहकाऱ्यांबरोबर मासिक आढावा बैठक झाली. हिवाळ्यात ही वेळ तिन्ही देशांना जमते, कारण तेव्हा जर्मनीत सकाळचे १० आणि जपानमध्ये संध्याकाळचे ६ वाजलेले असतात.

जर्मन बाजूच्या चाचणीप्रमुखांनी सुरुवातीलाच सांगितले की आमचे वेळापत्रक चुकीचे आहे आणि चाचणीसाठी ठेवलेला अवधी अपुरा आहे. त्यांच्या आवाजात राग नव्हता. आक्षेप नोंदवून ते लगेच पुढच्या विषयाकडे वळले. आमचे सर मात्र संध्याकाळपर्यंत दुखावलेले होते. कामावरची टीका म्हणजे काम करणाऱ्यावरची टीका, असे मानणाऱ्या वातावरणात आम्ही वाढलो आहोत. जर्मन पद्धतीत या दोन गोष्टी वेगळ्या धरतात, हे ठाऊक असूनही असा शब्द मनाला लागतो.

जपानी सहकाऱ्यांची अडचण निराळी होती. महत्त्वाचा बदल बैठकीत आणण्यापूर्वी संबंधित प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलून सहमती घडवण्याची त्यांच्याकडे रीत आहे आणि बैठकीत बहुधा त्या सहमतीवर शिक्कामोर्तब होते. इंटरफेसमधला, म्हणजे दोन प्रणाली जिथे एकमेकींशी जोडल्या जातात त्या भागातला, बदल आज ऐनवेळी पुढे आला, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग ‘यावर आम्ही अंतर्गत चर्चा करू’ एवढेच म्हणाले. इतिवृत्तात हा विषय ‘मान्य’ म्हणून लिहिला जात होता. तो मी ‘प्रलंबित’ करून घेतला.

मला खरी चिंता वाटते ती आमच्या बाजूची. दोन मॉड्यूल्सची, म्हणजे कामाच्या स्वतंत्रपणे तयार होणाऱ्या भागांची, जोडणी पंधरा दिवसांत होईल, असे सरांनी सांगितले, तेव्हा ते काम प्रत्यक्ष करणारी मुलगी माझ्या शेजारीच बसली होती आणि काहीही बोलली नाही. बैठक संपल्यावर चहाच्या टपरीवर ती म्हणाली, “दादा, महिन्याच्या आत हे होत नाही. पण सर हो म्हणाले ना, मग मी कशी नाही म्हणू?” सगळ्यांत मोलाची माहिती अशी टपरीवर राहिली आणि जर्मनीत मात्र पंधरा दिवसांचा हिशेब धरून पुढचे नियोजन सुरू झाले.

डच समाजमानसशास्त्रज्ञ गीर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएम या संगणक कंपनीच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांच्या पाहण्यांवरून १९८० मध्ये जी मांडणी केली, तिच्यातील एक निर्देशांक वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातले अंतर कितपत स्वाभाविक मानले जाते, याचा आहे; गुण जितके जास्त, तितके ते अंतर अधिक स्वाभाविक मानले जाते. त्यात भारताला ७७, जपानला ५४ आणि जर्मनीला ३५ गुण आहेत. आजच्या बैठकीला हे आकडे लागू पडतात, तरी माझे त्यांनी समाधान होत नाही. वैदर्भीय माणूस तोंडावर बोलणारा म्हणून ओळखला जातो. हीच मुलगी घरमालकाला पाण्याच्या बिलावरून ठणकावून सांगताना मी ऐकली आहे. तिचे गप्प राहणे स्वभावातून आलेले नाही. वरिष्ठांसमोर, परक्या इंग्रजीत आणि पगारवाढ ज्यांच्या हाती आहे त्यांच्या देखत वेगळे बोलण्याची सोय आम्ही तिला कधी करून दिलेली नाही.

मेट्रोसाठी जर्मन आणि फ्रेंच विकासबँकांचे, तर नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या जायका या सरकारी विकाससाहाय्य संस्थेचे कर्ज घेणाऱ्या या शहरात अशा बैठकांना बसणारी तरुण मुले वाढतच जाणार आहेत. त्यांना केवळ इंग्रजी संभाषणाचे वर्ग देऊन भागणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

पुढच्या बैठकीच्या दोन दिवस आधी प्रत्येकाने आपले अपुरे काम आणि त्याला लागणारे दिवस लेखी द्यावेत, आणि तो तक्ता सरांनी स्वतः वाचून दाखवावा, म्हणजे त्यांचाही मान राहील, असे मी उद्या त्यांना सुचवणार आहे. जपानी सहकाऱ्यांशी इंटरफेसबद्दल शुक्रवारी स्वतंत्रपणे बोलेन. पंधरा दिवसांची तारीख मात्र उद्याच दुरुस्त करून जर्मनीला कळवायला हवी.