गुर्जरांचं नाव लागेपर्यंत

‘एकच प्याला’ या संगीत नाटकातली पदं, म्हणजे गाणी, नाटककार राम गणेश गडकऱ्यांची नाहीत, वि. सी. गुर्जरांची आहेत. संगीत नाटकाच्या जुन्या प्रेक्षकांना हे सांगावं लागत नाही. पण एका ऑनलाइन ज्ञानकोशातल्या गडकऱ्यांच्या चरित्रात एवढी एक ओळ घालताना मला जे खेटे घालावे लागले, त्यांचा राग अजून गेलेला नाही. म्हणून लिहून ठेवते आहे.

चरित्रातली बाकीची तपासणी भराभर झाली. जन्म २६ मे १८८५, नवसारीचा. मृत्यू २३ जानेवारी १९१९. मृत्यूचं ठिकाण नुसतं ‘नागपूर’ दिलं होतं, ते नागपूर जिल्ह्यातलं सावनेर केलं. ‘३४ वर्षांचे असताना निधन’ हे वाक्यही बदललं. तारखा समोर असतील तर वय नेहमी स्वतः मोजावं. गडकऱ्यांना तेहतीस पूर्ण होऊन चौतिसावं चालू होतं. कवितेसाठी गोविंदाग्रज आणि विनोदी लेखनासाठी बाळकराम, ही टोपणनावं बरोबर होती.

अडलं ते ‘एकच प्याला’पाशी. नाटकापुढे नुसतं १९१७ लिहिलं होतं आणि पदांचं श्रेयही गडकऱ्यांनाच दिलं होतं. १९१७ हे लेखनाचं साल. गंधर्व नाटक मंडळीनं पहिला प्रयोग केला तो २० फेब्रुवारी १९१९ला, बडोद्यात. गडकऱ्यांना जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर त्यांनी रंगमंचावर पाहिलाच नाही. नुसतं १९१७ वाचणाऱ्याला ही गोष्ट कळणारच नाही, आणि मला तेच सलत होतं.

मी दुरुस्ती केली, ती काही तासांत उलटवली गेली. शेरा होता: संदर्भ द्या. नियम योग्यच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. प्रयोगाच्या तारखेचा संदर्भ लगेच मिळाला. पदांसाठी मात्र जी जी संकेतस्थळं उघडली, त्या सगळ्यांवर तोच परिच्छेद, त्याच क्रमानं आणि ‘बळवंत’ या शब्दातल्या त्याच टंकनचुकीसह. सगळ्यांनी उचललं होतं ते या ज्ञानकोशातूनच. तेव्हा दहा ठिकाणी एकच मजकूर दिसला तर दहा पुरावे मिळाले असं समजू नका. चूक कुठे सारखी आहे ते बघा, मूळ सापडतं.

म्हणजे छापील पुस्तक हवं, पृष्ठक्रमांकासह. ते शहरातल्या एका जुन्या ग्रंथालयात होतं. तिथेच माझा सगळा वेळ गेला.

खिडकीवरच्या बाईंचा पहिला प्रश्न, “कुठल्या कॉलेजच्या?” कुठल्याच नाही म्हटल्यावर शिफारसपत्र मागितलं. कुणाचं, तर मार्गदर्शकांचं. मार्गदर्शक नाहीत म्हटलं, तर “मग वाचायचं कशाला?” मी खरं ते सांगितलं: “मॅडम, एका लेखात गुर्जरांचं नाव घालायचंय.” त्यांनी अर्ज दिला. अर्जावर सही करणारे साहेब रजेवर होते. साहेब आले तेव्हा अर्ज सापडेना. नवा भरला. मग कार्डावर पुस्तक दिसत होतं पण फडताळात नव्हतं, कारण ते बाइंडिंगला गेलं होतं. कधी येईल? “आलं की येईल.” दूरध्वनी करून विचारलं तर प्रत्यक्ष या, आणि प्रत्यक्ष गेलं तर आधी दूरध्वनी करायचा होता. पुस्तक सांभाळायलाच हवं, जुना कागद हात लावताच तुटतो, हे मला कळतं. पण वाचकाला परत पाठवल्यानं कागद टिकत नाही. चार पानं वाचू मागणाऱ्या माणसाकडे संशयानं बघणं ही ग्रंथालयाची शिस्त असूच शकत नाही.

सुटका केली ती आतल्या शिपाईकाकांनी. मला व्हरांड्यात बसलेली बघून ते म्हणाले, “ताई, त्याची दुसरी प्रत असंल. कार्डाच्या मागं बघितलं का?” कार्डाच्या मागे दुसरा दाखल क्रमांक पेन्सिलीनं लिहिलेला होता. प्रत त्यांनी पंधरा मिनिटांत आणून दिली. नाट्यसंगीतावरचं ते जाड पुस्तक उघडलं आणि ‘कशि या त्यजू पदाला’च्या शेजारी गुर्जरांचं नाव दिसलं, तेव्हा मला तिथेच हसू फुटलं. मासिक मनोरंजनातून कथा लिहिणारा हा लेखक. सिंधूच्या तोंडची त्याची पदं घराघरांत गायली गेली आणि नाव मात्र गळत राहिलं.

दुरुस्ती या वेळी टिकली. लेखक, पुस्तक, प्रकाशक, आवृत्ती, पान असं सगळं दिलं होतं. आवृत्ती लिहायला विसरू नका, पुनर्मुद्रणात पानं सरकतात. आणि हे खरं तर आधीच सांगायला हवं होतं: मजकूर बदलण्यापूर्वी लेखाच्या चर्चापानावर आपलं म्हणणं आणि पुरावा मांडा. उलटवणाऱ्या संपादकांशी मी तिथे बोलले, तेव्हा ते अगदी समजूतदार निघाले. लेखन आणि प्रयोग यांची सालं वेगळी लिहायची सूचना त्यांनी गडकऱ्यांच्या बाकीच्या नाटकांनाही लावली.

ग्रंथालयात फोटो काढू देत नाहीत, झेरॉक्सही नाही. शाईचं पेनही चालत नाही. तेव्हा पेन्सिल न्या, आणि पुस्तक हातात आल्यावर आधी शीर्षकपानामागची प्रकाशनाची माहिती उतरवून घ्या. खिडकी बंद व्हायच्या घाईत नेमकी तीच राहते.