स्कोप धुतला, पण खोलीतली हवा?

ठाण्यातील एका लहान रुग्णालयाच्या एंडोस्कोपी (दुर्बिणीने, म्हणजे स्कोपने, पोटाच्या आतली तपासणी) कक्षात मी बऱ्याच वर्षांपासून परिचारिका आहे. आमचा कक्ष म्हणजे मुळात एका सदनिकेतील झोपण्याची खोली. खिडकीला काळी फिल्म लावून ती कायमची बंद केलेली आणि भिंतीवर स्प्लिट एसी. हा एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीत सोडतो, हे २०२० साली कोरोना येईपर्यंत माझ्या ध्यानातच आले नव्हते.

तोंडावाटे दुर्बीण घालताना रुग्ण खोकतो ते पुष्कळदा दुर्बीण जिभेला टेकण्यापूर्वीच, घसा बधिर करणारा लिग्नोकेनचा फवारा मारल्याबरोबर. मग उमासे येतात, जठर फुगवण्यासाठी आम्ही सोडलेली हवा ढेकरांतून परत येते आणि दुर्बीण बाहेर काढताना खोकल्याची आणखी एक उबळ येते. याशिवाय दुर्बिणीतल्या ज्या चॅनेलमधून (पोकळ नळीतून) बायोप्सीचा, म्हणजे तपासायला आतला तुकडा काढण्याचा, चिमटा आत जातो, त्याच्या तोंडावरची रबरी टोपी सैल झाली असेल, तर तेथूनही फुस्स असा आवाज करीत हवा आणि ओलावा थेट डॉक्टरांच्या चेहऱ्याच्या दिशेने उडतो. टोपी बदलणे हा किरकोळ खर्च आहे, तरी नेमकी तीच वापरून वापरून ढिली झालेली आढळते.

एन-९५ मुखपट्टीविषयी इतके लिहिले गेले आहे की मी एवढेच म्हणेन : नाकावरची पट्टी नीट दाबून बसवली नाही, तर श्वास कडेने आत येतो आणि गाळणी नावापुरती उरते.

माझा खरा मुद्दा दोन रुग्णांमधल्या वेळेचा आहे. क्षयाचे जंतू वाहून नेणारे सूक्ष्म कण तासन्‌तास हवेत तरंगू शकतात, आणि आतड्याच्या क्षयाच्या शंकेने आलेल्या काही रुग्णांच्या फुप्फुसातही क्षय असतो. खोलीतील हवा तासाला ६ वेळा बदलत असेल, तर तरंगणारे ९९ टक्के कण निघून जाण्यास सुमारे ४६ मिनिटे लागतात. १२ वेळा बदलत असेल, तर सुमारे २३. आणि तेही हवा सर्वत्र सारखी मिसळते असे गृहीत धरून. आमची खोली ४ मीटर लांब, साडेतीन रुंद व ३ उंच, म्हणजे ४२ घनमीटर. तासाला २५० घनमीटर हवा गाळणारे हेपा यंत्र (अतिसूक्ष्म कण अडवणारी गाळणी असलेले) तेथे जेमतेम पहिल्या, म्हणजे तासाला ६ वेळांच्या, हिशेबापर्यंत पोहोचते. आम्ही मात्र सात मिनिटांत पलंग पुसून पुढचे नाव पुकारत होतो. स्कोपच्या निर्जंतुकीकरणाची नोंदवही काटेकोर, हवेची नोंद कोठेच नाही.

आम्ही एक्झॉस्ट पंखा बसवला, तोही आधी चुकीच्या भिंतीत : त्याचे तोंड नातेवाईक बसतात त्या पॅसेजमध्ये उघडत होते! तो काढून मोकळ्या बाजूच्या भिंतीत लावला. त्यानंतर दार बंद करून फटीशी उदबत्ती धरली, तेव्हा धूर बाहेरून आत ओढला जाताना दिसला. हवा अशी आत ओढली जाणे हेच हवे असते. दार उघडे राहिले की मात्र हवा आत ओढणारा खोलीतला हा कमी दाब टिकत नाही, म्हणून तपासणी चालू असताना फाइल मागायलाही कोणी दार उघडू नये असा नियम केला.

यादी लावतानाही आता आम्ही खोकला, संध्याकाळचा ताप आणि घटलेले वजन यांची चौकशी करतो आणि शंका असलेल्या रुग्णाला, तातडी नसेल तर, शेवटी घेतो. वेळ वाचावा म्हणून घशाचा फवारा बाहेर बाकावरच मारून ठेवण्याची सूचना मध्यंतरी आली होती. तिला मी विरोध केला, कारण त्यामुळे खोकला कमी होणार नव्हता, तो फक्त डझनभर माणसे बसलेल्या जागी हलणार होता.