कोड म्हणतो पेट्रोल कमी, प्लग म्हणतात जास्त

गाडी २०१२ ची वॅगनआर, पेट्रोल, एमएच १३ पासिंगची, माझ्याआधी दोन हात फिरलेली. इंजिन शांत, एसी गार, पत्रा मूळचा. घेतली आणि थोड्याच दिवसांत मीटरवर इंजिनच्या चित्राचा पिवळा लाइट लागला. गाडीला त्याचं काही नव्हतं. विजापूर रोडवरून सात रस्ता, तिथून मार्केट यार्ड, कुठे झटका नाही की बंद पडणं नाही. फक्त अ‍ॅव्हरेज बसत नव्हतं. शहरात अकराच्या वर जाईना. उसाचा सीझन आहे, ट्रॅक्टरच्या मागे रांगत जावं लागतं, त्यामुळे असेल, असं घरच्यांचं मत पडलं.

सल्ल्यांना आपल्याकडे तोटा नाही. एकानं सांगितलं बॅटरीची वायर रात्रभर काढून ठेव, लाइट जातो. जातो हे खरंच आहे. वायर काढली की इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची आठवण पुसते आणि लाइटही पुसतो. बिघाड जागच्या जागी राहतो आणि चार दिवसांनी लाइट परत हजर. विकणाऱ्यानं ताबा देण्याआधी हेच केलं असणार, असा माझा अंदाज आहे. कारण या जातीचा कोड, म्हणजे कॉम्प्युटरनं नोंदवलेला बिघाडाचा नंबर, गाडीच्या एका फेरीत लागतच नाही. सलग दोन फेऱ्यांत तोच दोष दिसला तरच कॉम्प्युटर लाइट लावतो, आणि त्याआधी त्याला पेट्रोलचं गणित पहिल्यापासून मांडावं लागतं. तेवढ्या दिवसांत सौदा आरामात होऊन जातो.

एका मोठ्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून घेतला. कोड निघाला पी०१७१. काउंटरवरच्या मुलानं स्क्रीनकडे बघत सांगितलं, "सर, ओटू सेन्सर गेलाय. पाच हजारांच्या आसपास जाईल. त्यानं नाही गेला तर कन्व्हर्टर बघावा लागेल." ओटू म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर, कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर स्वच्छ करणारा डबा. मी हो-नाही काही न बोलता गाडीत येऊन बसलो आणि डॅशबोर्डच्या कप्प्यातली जुनी बिलं चाळली. पुढचा ऑक्सिजन सेन्सर नवा, प्लग नवे, इंजेक्टर क्लीनिंग. सगळं गेल्या वर्षभरातलं, आधीच्या मालकाच्या नावावर. म्हणजे हेच औषध या गाडीला एकदा पाजून झालं होतं.

पी०१७१ चा अर्थ इतकाच, की जळून बाहेर पडणाऱ्या धुरात कॉम्प्युटरला अपेक्षेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिसतोय, म्हणून तो समजतोय की पेट्रोल कमी पडतंय. सेन्सर खराब आहे असं हा कोड कुठेही म्हणत नाही. उलट, सेन्सर काहीतरी सांगतोय आणि कॉम्प्युटर ते ऐकतोय. ते सांगणं खरं की खोटं, हे शोधायचं काम आपलं.

मेहुण्याकडे ब्लूटूथचा छोटा ओबीडी डोंगल, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर वाचणारा खिशातला स्कॅनर, पडून होता. स्टिअरिंगच्या खाली, पायांच्या वरच्या बाजूला १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात तो बसतो आणि मोबाइलच्या अ‍ॅपवर इंजिनचे आकडे दिसायला लागतात. आधी फ्रीझ फ्रेम उघडली. लाइट लागला त्या क्षणाचा हा फोटोच म्हणायचा. वेग शून्य, आरपीएम ८०० च्या आसपास, पाणी ९० अंशांना तापलेलं. म्हणजे गरम इंजिन, गाडी उभी. सिग्नलला नाहीतर उसाच्या ट्रॉलीमागे.

मग फ्यूएल ट्रिम. ज्यांनी हा शब्द ऐकला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, कारण सगळी गोष्ट याच्यावर फिरते. कंपनीनं ठरवून दिलेल्या हिशेबापेक्षा कॉम्प्युटर किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडतोय, तो आकडा म्हणजे ट्रिम. एक शॉर्ट टर्म, क्षणाक्षणाला हलणारा. दुसरा लाँग टर्म, सवयीनं बसलेला. दोन्हींची बेरीज शून्याच्या आसपास, पाच-सात टक्के इकडे-तिकडे, असेल तर गाडी ठीक. पंचविशीच्या पुढे जाऊन तिथेच राहिली, तर बहुतेक गाड्या पी०१७१ लावतात. माझ्या गाडीत आयडलला, म्हणजे पाय न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, बेरीज अधिक २६, २७. अ‍ॅक्सिलरेटर दाबून आरपीएम २५०० वर धरले की ती उतरत उतरत अधिक नऊ-दहावर यायची.

हा उतार महत्त्वाचा. पेट्रोलचा पंप दमला असता किंवा फिल्टर तुंबला असता तर उलटं झालं असतं. रेस वाढवली, पेट्रोलची मागणी वाढली की आकडा चढला असता. आयडलला वाईट आणि रेस केल्यावर बरं, याचा अर्थ कुठून तरी थोडीशी जादा हवा येतेय. आयडलला इंजिनची हवा कमी असते तेव्हा ती थोडी हवा मोठी दिसते, रेस केल्यावर ती बुडून जाते.

उरलेल्या नऊ-दहातले बरेचसे टक्के पेट्रोल पंपावरच गाडीत शिरतात. निव्वळ पेट्रोलला जळायला वजनानं १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त नऊ पट. २० टक्के इथेनॉल मिसळलं की हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. जुन्या हिशेबावर चालणाऱ्या गाडीला मग सात-आठ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं आणि ट्रिम तेवढा वर सरकतो. इथेनॉलमुळे गाड्या बिघडतात म्हणून पारावर जे चालतं त्यात मला पडायचं नाही. पण जुन्या गाडीत ट्रिमला मोकळी जागा त्यामुळे कमी उरते हे खरं आहे. पूर्वी जी बारीक गळती खपून गेली असती, ती आता लाइट लावते.

सेन्सर जिवंत आहे का, हे बघायला पाच हजार लागत नाहीत. अ‍ॅपवर पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्ट लावून ठेवला. आयडलला तो बहुतेक वेळ ०.१ च्या आसपास पडून राहायचा. झटकन रेस दिली की क्षणात ०.८ वर उडी. मेलेला किंवा म्हातारा सेन्सर अशी उडी मारत नाही. सेन्सरवर पैसे घालायचे नाहीत, हे तिथेच ठरलं.

हवा येतेय म्हटल्यावर सगळे आधी इनटेककडे, म्हणजे इंजिनात हवा जायच्या वाटेकडे, धावतात, मीही तिकडूनच सुरुवात केली. सोलापूरच्या उन्हात रबर फार टिकत नाही. दहा वर्षांच्या गाडीचे व्हॅक्यूम पाइप कडक भाकरीसारखे झालेले असतात. पण सगळे पाइप वाकवून बघितले, एकही तडकलेला नाही. शिवाय एक गोष्ट जमत नव्हती. या गाडीत आत येणारी हवा मोजणारा सेन्सर नाही. इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला, दाब मोजून कॉम्प्युटर हवेचा अंदाज बांधतो. अशा गाडीत इनटेकमधून चोरून हवा आली तर दाब वाढतो, कॉम्प्युटर त्या हिशेबानं पेट्रोलही वाढवतो आणि दिसायला आयडल चढलेलं दिसतं. माझं आयडल ८०० वर खिळलेलं होतं.

आकडे घेऊन मी अक्कलकोट रोडला आमच्या ओळखीच्या मेस्त्रींकडे गेलो. शेडमध्ये एक कॉम्प्रेसर, दोन स्टँड आणि भिंतीला टांगलेली पानं. मेस्त्रींनी मोबाइलकडे बघितलं, मान हलवली आणि पाना उचलला. "मालक, कोड काय बी म्हणू द्या, आधी प्लग काढून बघू की."

तिन्ही प्लग काढून त्यांनी फडक्यावर ओळीनं मांडले. तिन्हींच्या टोकावर मऊ, कोरडी काजळी. बोट लावलं की काळं. पेट्रोल कमी पडत असतं तर टोकं पांढरट, भाजल्यासारखी दिसली असती. इथे तर पेट्रोल जास्त जळत होतं, आणि तिन्ही सिलिंडरांत सारखंच. एखादा इंजेक्टर गळत असता तर एकच प्लग काळा निघाला असता.

"कॉम्प्युटर म्हणतो पेट्रोल कमी. प्लग म्हणतो लई झालं. दोघांत खोटं कोण?" मेस्त्रींनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणाले, "खोटं कोणीच नाही. सेन्सरला मधूनच हवा लागतीय. सायलेन्सरकडून हवा खातीय गाडी."

मला ते पटेना. सायलेन्सरकडून धूर बाहेर ढकलला जातो, तिथून हवा आत कशी येणार? पण एक्झॉस्टमधला दाब सलग नसतो. एक्झॉस्ट व्हॉल्व उघडला की धुराचा एक धक्का जातो आणि त्या धक्क्यामागे क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो. भरधाव गाडी गेल्यावर फलाटावरचे कागद तिच्यामागे ओढले जातात, तसं. सेन्सरच्या आधी कुठे फट असली तर या धक्क्यांच्या मधे बाहेरची हवा आत येते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो, इंजिनला नको असलेलं पेट्रोल मिळतं. प्लग काळे, अ‍ॅव्हरेज अकरा, आणि कोड मात्र पेट्रोल कमी असल्याचा. रेस केली की धक्के एकमेकांना चिकटून येतात, हवा शिरायला सवड कमी, म्हणून तिथे आकडा सुधारायचा.

पीयूसीच्या मशीनला यातलं काही दिसलं नव्हतं, गाडी पहिल्या झटक्यात पास झाली होती. जादा पेट्रोलचा कार्बन मोनॉक्साइड आणि चोरून आलेली हवा पुढे गरम कन्व्हर्टरमध्ये एकमेकांना जाळून टाकतात. मागून निघणारा धूर स्वच्छ, आणि त्याची किंमत कन्व्हर्टर भरत असतो.

फट शोधायला इंजिन थंड हवं, म्हणून गाडी रात्री शेडमध्येच ठेवली. सकाळी मेस्त्रींनी स्टार्टर मारायच्या आधी मागच्या नळकांड्यात ब्लोअरचं तोंड घातलं, भोवती ओलं फडकं गुंडाळलं आणि हवा सोडली. बॉनेटमध्ये एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरचं, म्हणजे सिलिंडरांतून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवरचं, पत्र्याचं कव्हर काढून ठेवलं होतं. मॅनिफोल्ड इंजिनच्या हेडला जिथे बसतो त्या जोडावर साबणाचं पाणी ब्रशनं लावलं. दोन सिलिंडर गप्प. तिसऱ्याच्या खालच्या कोपऱ्यात आधी एक बारीक बुडबुडा आला, फुटला, मग तिथे पांढऱ्या फेसाची रेघ उगवायला लागली. टॉर्च मारली तर त्याच जागी हेडवर काजळीचा पंख्यासारखा डाग. कव्हर न काढता तो दिसणं शक्यच नव्हतं. त्या कोपऱ्यातला नटही बाकीच्यांच्या मापाचा नव्हता. कधीतरी कोणीतरी हा मॅनिफोल्ड उघडून, जुनंच पॅकिंग परत लावून, हाती लागलेला नट आवळून मोकळा झाला होता.

मग गाडी स्टार्ट केली. मेस्त्रींनी मला कान जवळ आणायला सांगितलं. टिक-टिक-टिक, बारीक, टॅपेटसारखी. दोन-तीन मिनिटांत मॅनिफोल्ड तापून फुगला आणि आवाज जवळपास बुजला. हा आवाज मी रोज सकाळी ऐकत होतो. जुन्या इंजिनचा असतोच, असं सगळेच म्हणायचे.

दुरुस्ती सोपी, पण नट काढणं जोखमीचं. तापून-तापून गंजलेला स्टड जोर लावला की हेडमध्येच तुटतो आणि मग ड्रिल करत बसावं लागतं. मेस्त्रींनी गंजावरचा स्प्रे मारून जेवायची सुट्टी केली, परत येऊन पुन्हा मारला, आणि नट एकदम न फिरवता थोडा पुढे, थोडा मागे असे खेळवत काढले. एकही स्टड तुटला नाही. मॅनिफोल्डच्या तोंडावर पट्टी आडवी-उभी धरून उजेड कुठून दिसतो का बघितलं; तोंड सरळ होतं, नाहीतर फेसिंगला, म्हणजे मशीनवर सपाट करायला, पाठवावं लागलं असतं. नवं पॅकिंग, सगळे नट नवे, मधून सुरुवात करून कडेकडे आवळत टॉर्क पान्यानं. इंजिन एकदा पूर्ण तापवून, थंड करून नट पुन्हा एकदा तपासले. प्लग घासून तेच परत बसवले. सगळं मिळून त्या सेन्सरच्या निम्म्याहून कमी पैशांत झालं, त्यातही मजुरीच जास्त.

कोड पुसला आणि सहकुटुंब तुळजापूरला गेलो. देवीचं दर्शन, घाटात इंजिनवर जोर, उतारावर सुटलेला पाय, येताना गावात थांबत-थांबत चालणं. कॉम्प्युटरला स्वतःच्या तपासण्या पुऱ्या करायला अशी मिसळीची फेरी लागते. परत आल्यावर आयडलला ट्रिमची बेरीज अधिक सात, २५०० वर अधिक सहा. दोन्हींमधली दरी गेली. जे सात उरलेत ते इथेनॉलचे, ते राहणारच. अ‍ॅव्हरेज गावात चौदाला टेकलं आणि लाइट त्यानंतर लागलेला नाही.

शेजारच्या काकांनी हे सगळं ऐकलं आणि म्हणाले, माझ्या गाडीला बघ कधी लाइटच लागत नाही, तुझ्यापेक्षा दोन वर्षं जुनी असून. मी त्यांना म्हटलं, काका, चावी फक्त ऑनपर्यंत फिरवा, स्टार्ट करू नका. मीटरवरचे सगळे लाइट लागले, ऑइलचा लागला, बॅटरीचा लागला. इंजिनचा तेवढा लागला नाही. चावी ऑन केली की तोही लागायलाच हवा. आता रविवारी त्यांचा मीटर उघडायचाय.